डावा तळवा

मुलं मला पाठीमागं चिडामणी म्हणायची. खरं नाव चिंतामणी, पण नाव ठेवणाऱ्यांचं फारसं चुकलं होतं असं नाही. माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असायचा आणि शहाणपणा त्याच्याही चार बोटं पुढं. सोलापुरातल्या एका हायस्कुलात मी वीस वर्षं शरीरशास्त्र शिकवलं. पेन्शनीत निघाल्याला बराच काळ लोटला, राग निवला, अंगात पूर्वीची धमक उरली नाही, म्हणून हे आता लिहायला बसलोय. बसलिंगप्पा कसा मेला ते माझ्याशिवाय कुणालाच पुरतं ठाऊक नाही.

बसलिंगप्पा आमच्या शाळेचा शिपाई. बाळीवेशीत राहायचा, वयानं माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, अंगानं काटकुळा आणि कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. घंटा देणं, पाणी भरणं ही त्याची नेमणुकीची कामं. पण त्याचा जीव रमायचा तो जिन्याखालच्या खोलीत. त्या खोलीला आम्ही प्रयोगशाळा म्हणायचो. तिथं एक पितळी सूक्ष्मदर्शक होता, भिंतीवर माणसाच्या शरीराचा विलायती तक्ता होता आणि फळीवर दहाबारा बरण्या. सूक्ष्मदर्शकाला हात लावायची परवानगी मी हेडमास्तरांनाही देत नसे. बसलिंगप्पाला होती.

त्याचं कारण कांदा. दरसाल पहिला धडा पेशीचा, आणि पेशी दाखवायची ती कांद्याच्या आतल्या पापुद्र्यात. तो पापुद्रा सोलावा तर बसलिंगप्पानंच. मी सोलला की फाटायचा, मुलांनी सोलला की त्याची सुरकुती व्हायची. हा गडी नखानं असा अलगद उचलायचा की वाऱ्यावर उडून जाईल. मग काचेवर ठेवून लाल शाईचा एक थेंब, वरून दुसरी काच, आणि सगळ्यांत आधी स्वतः डोळा लावून बघायचा. "विटा नीट बसल्यात, मास्तर," म्हणायचा. हा त्याचा निकाल पडला की मी वर्गाला आत घ्यायचो.

पुढचा धडा तो दारात उभा राहून ऐके. बारा वर्षं ऐकला. एक पेशी म्हणजे एक सूत, मी मुलांना सांगायचो. सोलापुरात हे समजवायला कष्ट पडत नाहीत, अर्ध्या मुलांचे बाप गिरणीत नाही तर मागावर. सारख्या सुतांचं विणलं कापड, तशी सारख्या पेशींची ऊती. निरनिराळ्या कापडांचा अस्तर लावून अंगरखा शिवला, तो अवयव. आणि अंगरखा, धोतर, पागोटं मिळून पोशाख होतो, तशी अवयवांची मिळून संस्था. पचनाची एक, श्वासाची एक, रक्ताची एक. आणि ह्या सगळ्यांची खबरबात इकडून तिकडं नेणारे मज्जातंतू, म्हणजे शरीराचं टपालखातं. बोटाला काटा रुतला की मेंदूला पत्र जातं आणि उलट टपाली हुकूम येतो, हात काढ. ह्या टपालखात्यावर मुलं हसायची. मी त्या जागी मुद्दाम थांबायचो.

बसलिंगप्पा लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. रोज सकाळी अंघोळ झाली की तो ते डाव्या तळहातावर घ्यायचा, विभूती लावायचा, बेलाचं पान वाहायचा, त्याच्यावर पाणी सोडायचा. ते झाल्याशिवाय अन्नाचा कण नाही की पाण्याचा घोट नाही. त्या डाव्या हाताला तो फार जपायचा. झाडू उजव्या हातात, घंटेचा दोर उजव्या हातात, शाईची बाटली उजव्या हातात. मला ते दिसायचं आणि मी थट्टा करायचो. देवानं दोन हात दिले आणि तू एकावरच संसार चालवतोस, असं मी म्हणायचो. तो नुसता हसायचा. मी ब्राह्मणाच्या घरात जन्मून शेंडी काढलेला सुधारक होतो, आणि सुधारकाला दुसऱ्याचा देव नेहमी जरा जास्तच हास्यास्पद दिसतो.

एकोणीसशे तेहेतीस सालच्या मार्चात शाळा तपासायला इन्स्पेक्टरसाहेब यायचे होते. मी ठरवलं की ह्या खेपेला पेशीपासून संस्थेपर्यंतचा सगळा जिना साहेबांपुढं चढून दाखवायचा. कांद्याचा पापुद्रा होताच. वरच्या पायऱ्यांसाठी मी स्वतः खाटकाकडं गेलो आणि बोकडाचं हृदय, फुप्फुसं आणि श्वासनळी असं सगळं एकात एक जोडलेलं डब्यातून घेऊन आलो. घरातून नेऊ म्हटलं तर आमच्या अनसूयेनं उंबऱ्यातच अडवलं. डबा बाहेर आणि तुम्हीही बाहेर, अशी तिची आज्ञा झाली. सकाळी सातला मी तो परस्पर शाळेत नेला.

प्रयोग झकास झाला. नळीतून फुंकर घातली तशी दोन्ही फुप्फुसं फुगली आणि मुलांच्या तोंडून एकदम आवाज निघाला. मग मी हृदय सुटं केलं, चिरून आतले कप्पे दाखवले. साहेबांनी शेरेबुकात माझ्या नावानं चार ओळी लिहिल्या आणि जाताना म्हणाले, हे हृदय बरणीत जपून ठेवा. दुपारचे तीन वाजले होते. मार्चातलं सोलापूर म्हणजे वरून ऊन आणि खालून फुफाटा. काचेच्या मोठ्या बरणीत, साध्या पाण्यात ते हृदय सकाळपासून पडलेलं होतं आणि त्याला वास सुटला होता. मी बसलिंगप्पाला हाक मारली आणि सांगितलं, हे पाणी ओत, काळजीनं धू, आणि वर स्पिरिट घाल.

तो दारातच उभा राहिला. त्या दिवशी तो उंबऱ्याच्या आत आलाच नव्हता, कांद्याचा पापुद्राही त्यानं बाहेरूनच दिला होता.

"मास्तर, ह्ये काम मला सांगू नका," तो म्हणाला.

साहेबांचा शेरा अजून माझ्या डोक्यात घुमत होता आणि त्यात ह्यानं मिठाचा खडा टाकला. मी त्याला काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. पगार घेताना मांस-बिंस बघतोस का, असं विचारलं. बारा वर्षं धडा ऐकून तू कोरडाच राहिलास, असं म्हटलं. तुझ्या छातीत जे आहे तेच ह्या बरणीत आहे, मग विटाळ कसला, असंही म्हटलं. उद्यापासून ह्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असं म्हटलं तेव्हा मात्र त्याचा चेहरा उतरला. ती धमकी त्याला लागली आणि लागेल हे मला माहीत होतं.

तो आत आला. "उजव्या हातानं करतो," एवढंच म्हणाला. डावा हात त्यानं पाठीमागं नेला आणि धोतराच्या कमरेत खोचून टाकला.

ती बरणी दोन हातांनी उचलायची. त्यानं ती एका हातानं, गळ्याशी धरून उचलली. ओली काच निसटली, टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली आणि तिचा तुकडा उडाला. त्याच क्षणी त्याचा डावा हात कमरेतून सुटून पुढं आला आणि त्यानं खाली जाणारी बरणी झेलली. मेंदूनं हुकूम सोडल्याचं माणसाला कळायच्या आत हात काम करून मोकळा होतो, हे मीच शिकवत होतो. अंगठ्याच्या मुळापासून मधल्या बोटाखालपर्यंत तळवा फाटला. हृदय फरशीवर पडलं. रक्ताकडं त्याचं लक्षच नव्हतं. बरणीतलं ते लालसर घाण पाणी तळव्यावरून मनगटाकडं ओघळत होतं, तिकडं तो बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बाटला की हो, मास्तर," तो म्हणाला.

मी टिंक्चर आयोडीन ओतलं, धोतराची चिंधी बांधली आणि घरी पाठवलं. मनातून चरकलो होतो, पण वरून दटावलं की एवढ्याशा जखमेचा बाऊ करू नकोस. हृदय मीच उचललं, धुतलं आणि स्पिरिटात घातलं. ते पुढं कितीतरी वर्षं त्या फळीवर होतं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर हजर. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही. डावा हात उपरण्यात गुंडाळलेला. विचारलं तर म्हणे, बरं हाय. सोमवारी तो घंटेजवळ बसलेला दिसला, दोर हातात आणि डोळे तापानं लाल. मी उपरणं ओढून काढलं. चिंधी रोज सकाळी सोडली जात होती. सोडून तो त्या उघड्या जखमेवर लिंग घ्यायचा, विभूती लावायचा, बेल वाहायचा, पाणी सोडायचा आणि पुन्हा तीच चिंधी गुंडाळायचा. हाताचा भोपळा झाला होता आणि दोन बोटं काळी पडली होती. मी टांग्यात घालून त्याला दवाखान्यात नेलं. बरोबर त्याची बायको गुरम्मा. त्यांना एकच मुलगी, ती मंगळवेढ्याला दिलेली, म्हणजे जवळचं असं दुसरं कुणी नव्हतं.

डॉक्टरांनी हात पाहिला, मनगटाच्या वर चढलेली तांबडी रेघ पाहिली आणि मला बाजूला घेतलं.

"आज मनगटावरून काढला तर जगेल," ते म्हणाले. "उद्या कोपरावरून काढावा लागेल. परवाचं मला विचारू नका."

बसलिंगप्पानं नाही म्हणून सांगितलं. रागानं नाही, रडून नाही. हात गेला तर लिंग कुटं ठेवू, असं त्यानं डॉक्टरांना उलट विचारलं. लिंगपूजा नाही तर पाणी नाही, आणि पाणी नाही तर तसाही मरणार, मग हात घेऊन मेलेलं काय वाईट. त्याचा हिशोब त्याच्यापुरता चोख होता. बळजबरीनं कापायला डॉक्टर तयार नव्हते.

गुरम्मा मला व्हरांड्यात घेऊन गेली. वळसंगच्या चन्नय्यास्वामींनी त्यांना दीक्षा दिली होती, तिचं सगळं घराणं त्यांचंच. "स्वामींनी सांगितलं तर त्ये ऐकतील, दुसऱ्या कुनाचं न्हाय ऐकायचे," ती म्हणाली. "तुमी त्येन्ला कार्ड लिवा, मास्तर." दवाखान्याबाहेरच्या दुकानातून मी कार्ड आणलं आणि तिच्यासमोर लिहिलं. बसलिंगप्पाचा डावा हात कापल्यावाचून प्राण वाचत नाही, आपण असाल तसे येऊन त्याला सांगावे, वर सोमवारची तारीख. तिला वाचून दाखवलं. तिनं ते हातात घेतलं, कपाळाला लावलं आणि मला परत दिलं. मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

स्टेशनरोडला टपालाची पेटी आहे. तिच्यापुढं मी उभा राहिलो, कार्ड बाहेर काढलं आणि माझं डोकं चालायला लागलं. हे स्वामी येणार, कपाळाला विभूती फासणार, देह काय आज आहे उद्या नाही असं काहीतरी कन्नडात म्हणणार आणि बसलिंगप्पाच्या हट्टावर कायमचा शिक्का मारून वळसंगला परत जाणार. त्यानंतर ब्रह्मदेव आला तरी तो ऐकणार नाही. त्यापेक्षा आधी मी त्याला पटवतो. हा काही अडाणी खेडूत नव्हे, बारा वर्षं माझा धडा ऐकलेला माणूस आहे. त्याचा होकार मिळाला, हात कापून झाला, की मग येऊ देत स्वामींना. असा विचार करून मी कार्ड पुन्हा खिशात घातलं. मला त्या वेळी मी फार दूरचं बघतोय असंच वाटलं होतं.

जेवताना मी अनसूयेला सांगितलं की आता बसलिंगप्पाची समजूत मी घालणार. कार्डाचं बोललो नाही. तिनं वाढता वाढता हात थांबवला. "अहो, त्यांच्या देवाचं त्यांच्या स्वामींना कळणार की तुम्हाला?" म्हणाली. मी म्हटलं, हा देवाचा प्रश्न नाही, हा रक्ताभिसरणाचा प्रश्न आहे. ती पुढं काही बोलली नाही. तिनं बोलायला हवं होतं असं मला पुढं कैकदा वाटलं, पण ते तिच्यावर ढकलणं झालं.

मंगळवारी सकाळी मी दवाखान्यात पोचलो तेव्हा त्याची पूजा चालली होती. गुरम्मानं पट्टी सोडली होती. काळ्यानिळ्या, फुगून तट्ट झालेल्या त्या तळव्यावर तिनं लिंग ठेवलं आणि ते कलंडू नये म्हणून स्वतःच्या दोन बोटांनी धरलं. त्याचे ओठ हलत होते. मला ते बघवलं नाही, मी तोंड फिरवलं. पूजा झाल्यावर तो पाणी प्यायला आणि माझ्याकडं बघून हसला.

मी शाळेतला तक्ता गुंडाळून नेला होता. तो खाटेवर पसरला आणि शिकवायला लागलो. हे बघ, पेशी मरतात, त्या रोजच मरतात, त्याचं काही नाही. पण पेशी इतक्या मेल्या की ऊती मेली. ऊती मेली की अवयव मेला. तुझा हात हा मेलेला अवयव आहे, आणि त्याचं विष आता रक्ताच्या संस्थेत उतरतंय. एक अवयव टाकायचा आणि संस्था वाचवायची, एवढाच सवाल आहे. अंगरख्याची बाही पेटली तर आपण बाही फाडतो की पोशाख जळू देतो? तो एकेका वाक्याला मान हलवत होता. मधे एकदा मी अडखळलो तर त्यानंच पुढचा शब्द सांगितला.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"आता न्हाय दुकत. टपाल बंद झालं," तो म्हणाला. शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला. मला हसू आलं नाही. दुखणं थांबलं म्हणजे हातात आता जीवच उरला नाही, हे मला कळत होतं आणि त्यालाही.

"मग काय करायचं?" मी म्हटलं.

त्यानं उजव्या हातानं तक्त्यावरून बोट फिरवलं, मस्तकापासून पायापर्यंत. "तुमीच शिकवलंय की, हृदय थांबलं की समदं थांबतं," तो म्हणाला. "माजं हृदय हितं हाय, ह्या तळव्यावर. त्ये तुमच्या तक्त्यात न्हाय, मास्तर."

मी चिडलो. मरणाऱ्या माणसावर चिडलो. तक्ता गुंडाळून तरातरा निघून आलो आणि दिवसभर मुलांवर छड्या ओढल्या.

बुधवारी मी तो पितळी सूक्ष्मदर्शक घेऊन गेलो. शाळेबाहेर तो कधी गेला नव्हता. वॉर्डातल्या खिडकीत ऊन येत होतं तिथं मांडला. पट्टीवरचा पू एक थेंब काचेवर घेतला, त्यात लाल शाईचा थेंब घातला आणि त्याला उशीला टेकवून बसवलं. तापानं त्याचं अंग भाजत होतं, तरी सूक्ष्मदर्शक दिसल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जुना बसलिंगप्पा आला. उजव्या हातानं त्यानं खालचा आरसा फिरवून ऊन नीट धरलं, डोळा लावला आणि बराच वेळ बघत राहिला.

ह्या विटा न्हाईत, तो म्हणाला. मी सांगितलं की ह्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. जखमेत विष शिरलं की ह्या धावून येतात, लढतात आणि मरतात. ह्या मेलेल्याच आहेत. आठ दिवस तुझ्यासाठी लाखांनी मरतायत.

"माज्यासाठी?"

"तुझ्यासाठीच. त्यांना काही माहीत नाही, तू कोण, तुझा देव कोण. तू जगावास एवढंच त्यांना कळतं."

तो डोळा काढून माझ्याकडं बघत राहिला. मग खाटेवर मागं टेकला आणि छताकडं बघत बोलायला लागला, तुटक तुटक. एवढ्या जणी मरायल्यात आणि मी एक हात धरून बसलोय, हे बी पाप असंल. पण आपल्या मनानं ठरवायचं त्याला धाडस नव्हतं. स्वामींना विचारायला पाहिजे. स्वामींनी हो म्हटलं तर तो ह्या घडीला हात देईल.

"स्वामींना कार्ड गेलंय नव्हं, मास्तर?" त्यानं विचारलं.

गुरम्मा खाटेच्या पायथ्याशी बसली होती. ती माझ्या आधीच म्हणाली, "व्हय की. सोमवारीच."

"गेलंय," मी म्हटलं.

"मग येतील," तो म्हणाला आणि डोळे मिटले. "त्येंची वाट बगतो."

त्या घडीला वळसंगला माणूस धाडता आला असता. वळसंग अक्कलकोटच्या वाटेवर, सर्व्हिस मोटारीला दीड तास लागतो. संध्याकाळपर्यंत स्वामी त्याच्या उशाशी बसले असते. हे मला तेव्हाही समजत होतं. पण मला वाटलं, हा आता वितळलाय, आणखी एक धक्का दिला की सकाळी स्वतःच हो म्हणेल, माझ्या धड्यानं हो म्हणेल. आणि स्वामी येऊन नाही म्हणाले तर हातातोंडाशी आलेला घास जाईल. खरं सांगायचं तर त्यात आणखी एक बारीकशी गोष्ट होती. बारा वर्षांच्या शिकवणीला यश यावं आणि ते कुठल्या बुवाच्या नावावर जाऊ नये, असं मला वाटत होतं. बसलिंगप्पाचा जीव एका पारड्यात होता आणि दुसऱ्यात हे होतं.

गुरुवारी तो शुद्धीत नव्हता. तांबडी रेघ काखेत पोचली होती. डॉक्टर म्हणाले, आता खांद्यापासून काढूनही उपयोग नाही. तो मधेच जागा व्हायचा, दाराकडं बघायचा, आणि आले का म्हणून कन्नडात विचारायचा. गुरम्मा त्याला दर वेळी तेच सांगायची, वाटेत असतील. मी दुपारी टपालपेटीपर्यंत गेलो. कार्ड काढलं. वर सोमवारची तारीख, माझ्याच वळणदार अक्षरात. आज टाकलं तर शिक्का गुरुवारचा पडणार. मी परत फिरलो. माणूस मरत होता आणि मला शिक्क्याची लाज वाटत होती. असा मी होतो.

शुक्रवारी उजाडताना तो गेला. त्या दिवशी त्याच्या लिंगाची पूजा झाली नव्हती आणि म्हणून तो पाणीही न पिता गेला.

बाळीवेशीतल्या कुणीतरी सकाळच्या मोटारीच्या ड्रायव्हरजवळ वळसंगला निरोप दिला. दुपारी बाराला स्वामी बसलिंगप्पाच्या घराच्या दारात हजर. म्हातारे, वाळके, काखेत छत्री, पायांत धुळीनं माखलेल्या वहाणा. मी कल्पनेत ज्याच्याशी भांडत होतो तो हा माणूस नव्हता. ते मृताशेजारी खाली बसले आणि बराच वेळ त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. कापडानं डोळे पुसले.

लिंगायतांत मृताला मांडी घालून बसवतात आणि त्याच्या डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवून तसंच पुरतात. बसलिंगप्पाला भिंतीशी टेकवून बसवलं होतं, गळ्यात फुलं, कपाळावर ताजी विभूती. स्वामींनी त्याच्या गळ्यातली डबी उघडली, लिंग काढलं आणि डावा हात उचलला. बोटं उघडेनात. तळव्याची कातडी त्यांच्या हाताला लागून आली. त्यांनी एकदा ठेवून पाहिलं, ते घसरलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरलं. मग त्यांनी तो हात हळूच खाली ठेवला, कापडानं झाकला, उजवा हात उचलून मांडीवर उताणा केला आणि लिंग त्या उजव्या तळव्यावर ठेवलं.

गुरम्मा हे सगळं बघत होती. तोवर ती रडत होती, ती रडायची थांबली.

"स्वामी," ती म्हणाली, "उजव्यावर चालतंय?"

"चालतंय की, माय."

"जित्या मानसाला बी?"

"जित्याला न चालून कसं?" स्वामी म्हणाले. "लिंग हाताला बांदलेलं न्हाय, जिवाला बांदलेलं हाय. उजवा नसंल तर मांडीवर घ्यावं, मांडी नसंल तर छातीवर. जीव राखावा आदी. त्येनं मला का न्हाय इचारलं?"

गुरम्मानं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात संशय नव्हता, हेच मला आजतागायत सोसत नाही.

"इचारलं की, स्वामी," ती म्हणाली. "मास्तरांनी सोमवारीच कार्ड टाकलं हुतं. मी हातानं कपाळाला लावून दिलं. तुमाला गावलं न्हाय?"

"न्हाय गावलं, माय," स्वामी म्हणाले. "टपालाचं काय खरं राह्यलं न्हाय अलीकडं."

जमलेली माणसं टपालखात्याला नावं ठेवायला लागली. कुणाची तार चार दिवसांनी आली होती, कुणाची मनिऑर्डर दुसऱ्याच गावाला गेली होती. मी भिंतीला टेकून उभा होतो. कार्ड कोटाच्या आतल्या खिशात होतं. मीही मान हलवली.